बायनाबाईच्या जांभया

राणीसावरगाव
७ जानेवारी २०२५

जीवना,

आजीचा जय ख्रिस्त घे. तुझ्या पास्टरनं मला तुझी पोरगी घ्यायला बंदी केली आहे, जय ख्रिस्त म्हणायला नाही, म्हणून ते आधी उरकून घेतलं.

अक्षर तुझ्या आईचं आहे. मी खाटेवर बसून बोलते आणि बबिता खाली बसून लिहिते. मी बोलते एक आणि ती शाळेतल्यासारखं सारवून-सुरवून लिहिते, असा मला संशय आहे. पण मला वाचता येत नाही, तेव्हा संशयावरच भागवायचं. कागद भरला की ती त्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर टाकणार आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. आजीच्या आवाजातून सैतानाचं बंधन येतं, काही दिवस तो कानावर पडू द्यायचा नाही, असं तू बबिताला सांगितलंस म्हणे. कागदाला आवाज नसतो. तरी भीती वाटली तर मनातल्या मनात वाच.

रविवारी मानवतला काय झालं ते तुझ्या बाजूनं बबिताला कळलंय. आता माझ्या बाजूनं ऐक. मी एकटीच पहिल्या गाडीनं निघाले, गंगाखेडला बदलली, परभणीला बदलली. दुकानांच्या वर तुमच्या मंडळीची प्रार्थना भरते, तो उभा जिना चढून वर आले, तुझ्या राजेश्रीला मांडीवर घेतलं, आणि पास्टर सिद्धोधन प्रार्थनेला उभा राहिला. चांगली प्रार्थना करतो. लांब करतो. मला जांभई आली. दुसरी आली. मग तोंड मिटेचना. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तर एवढी मोठी आली की डोळ्यांतून पाणी निघालं. झालं! माईकवर म्हणाला, "आजीच्या अंगात जुना आत्मा आहे, त्याला प्रार्थना सहन होत नाही." तुझ्या बायकोनं, अर्पितानं, पोरगी माझ्या मांडीवरून उचलली. संध्याकाळी पोरीला ताप आला, तोही माझ्याच नावावर.

पास्टरला तू सांगितलंस की आजी पूर्वी दृष्ट काढायची. खरं आहे. येशूकडं यायच्या आधी अख्ख्या गावाची लेकरं माझ्याच दारात यायची. मीठ-मोहऱ्या ओवाळताना काढणारीला जांभया आल्या की बाया खूश. जेवढ्या जांभया तेवढी दृष्ट जबर. मला लहानपणापासूनच जांभया लय, म्हणून गावात माझं नाव झालं. वरच्या आळीतली एक जण माझ्याहून नीट ओवाळायची, पण तिला जांभईच यायची नाही. बिचारी मागं पडली.

व्यंकटराव पाळकांनी मला गोदावरीत बाप्तिस्मा दिला तेव्हा मीठ-मोहऱ्या सुटल्या. जांभया सुटल्या नाहीत. पाण्यातून वर आले आणि पहिली जांभईच दिली. ते हसून म्हणाले, "बायनाबाई, आत्ता जन्म झालाय तुमचा. जन्मलेलं लेकरू जांभई देणारच." आज ते असते तर एवढा कागद खर्ची पडला नसता.

तुझं म्हणणं बबितानं सांगितलं. मी उपास-प्रार्थनेला यायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं की माझ्या अंगात सैतानाला जागा होती ती मी आज सोडते. मग पोरगी मांडीवर मिळेल आणि तिला मंडळीसमोर देवाला वाहाल त्या समर्पणाला मला पुढं उभं राहता येईल. तोवर नाही.

मला एवढंच सांग. मी येशूची आहे का नाही? हो तर हो लिही, नाही तर नाही लिही. मधलं काही लिहू नको.

तुझी आजी
बायनाबाई


राणीसावरगाव
२४ जानेवारी

जीवना,

तू मधलंच लिहिलंस.

बबितानं दोनदा वाचून दाखवलं. म्हणे, आजी, तू येशूची आहेसच, तुझं तारणही आहे, पण घर मालकाचं असलं तरी मागच्या खोलीत जुना भाडेकरू राहू शकतो. हा भाडेकरू तुझा का पास्टरचा? पास्टरचाच असणार. तुला लहानपणी एवढं सुचत नव्हतं.

बरं, भाडेकरूचंच बोलू. ज्यानं घर घेतलं तो तिथं राहायला आलेला आहे ना? का नुसतं कुलूप लावून गावाला गेलाय? तो रोज आत वावरतो आणि मागच्या खोलीत कोण खोकतंय ते त्याला माहीतच नाही? आणि मानवतचा पास्टर जिन्यावरनं येऊन सांगणार, साहेब, तुमच्या घरात कोणीतरी आहे! मला तर ह्यात माझ्यापेक्षा मालकाचीच बेअब्रू दिसते.

आपण मेंढरांची माणसं. तू जिनिंगमध्ये कापूस बघायला लागलास म्हणून मेंढरं विसरलास काय? आपल्या मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाची खूण असते. दुसऱ्याच्या कळपात शिरलं, चिखलात लोळलं, खूण पुसट झाली, तरी मेंढरू आपलंच. लांडगा येतो. भेडसावतो, पळवतो, लंगडंही करतो. मला नाही का भेडसावलं? तुझा आजा गेला त्या साली देव आहे का नाही इथपर्यंत गेले होते मी. तो लांडगाच होता, मी नाही म्हणत नाही. पण लांडगा मेंढराच्या अंगात शिरून बें बें करायलाय, असं तू कधी बघितलंस?

तुझा बाप मेंढरं घेऊन पालमकडं गेलाय. फोनवर त्याला हे सगळं सांगितलं. रामकिशन म्हणाला, "माय, जांभई तर मेंढरू बी देतं." त्याच्याकडून एवढंच आलं.

इथं एक गंमत झाली आहे, ती तुला कळायच्या आत मीच सांगते. शेजारच्या कासाबाईला बबिताकडून सगळं कळलं. (बबिता, लिही. मी काही खोटं सांगायली नाही.) कासाबाई परवा आली आणि हात जोडून म्हणाली, "बायने, तुज्या येशूच्या मान्सांनी बी वळखलं की गं! मी म्हनतच व्हते, तुजं देवीचं वारं गेलं न्हाई." तिला मोठा आनंद झाला. जाताना म्हणाली, "नातवाला घिऊन येते उद्या."

मी नको म्हटलं. ती ऐकणारी बाई नाही.

तुझी आजी
बायनाबाई


राणीसावरगाव
९ फेब्रुवारी

जीवना,

तुझा निरोप पोचला. निरोप कसला, फटकाच. "आजीनं पुन्हा दृष्ट काढायचा धंदा मांडलाय, आता तर पुरावाच मिळाला." कोणी सांगितलं ते विचारत नाही. गावातल्या गोष्टी मानवतला पोचायला एसटी लागत नाही.

धंदा मी मांडला नाही. तुझ्या पास्टरनं मांडून दिला. अंगात आत्मा आहे असं त्यानं माईकवर सांगितलं ना? मग, मी हे सोडलंय, ह्या माझ्या तीस-चाळीस वर्षांच्या सांगण्यावर त्यानं एका सकाळी पाणी फिरवलं. कासाबाई नातवाला घेऊन आली. तिच्या मागं दुसरी आली. आता रोज दुपारी ओट्यावर कोणी ना कोणी लेकरू घेऊन बसलेलं असतं.

मीठ कोणी आणलं तर मी परत देते. मोहऱ्याही परत. म्हणते, "बाई, मी हे सोडलंय, मी फक्त येशूच्या नावानं प्रार्थना करीन, चालत असंल तर बस, न्हाईतर जा." एकही जात नाही. म्हणतात, "कोनाच्या बी नावानं कर, तुजा हात लागू दे." मग मी लेकरू मांडीवर घेते आणि प्रार्थना करते. दुपारची वेळ, मांडीवर गरम लेकरू. जांभई येते. बाया एकमेकींकडं बघून माना हलवतात. मी सांगते, "बायांनो, ही झोप हाय." त्या म्हणतात, "असं कुटं सांगत असत्यात व्हय!"

आता माझी दशा बघ. तुम्ही म्हणता भूत आहे. ह्या म्हणतात देवी आहे. मी म्हणते झोप आहे, आणि माझं कोणीच ऐकत नाही.

तरी एक तुला विचारते. कासाबाई देवीला मानणारी, ती तिचं लेकरू बिनघोर माझ्या मांडीवर देते. तू येशूला मानणारा, आणि तू तुझं लेकरू घाबरून उचलून घेतोस. तुमच्या दोघांत येशूवर जास्त भरवसा कोणाचा?

बबिता म्हणते, हे लिहू नको, त्याला लागेल. लिही म्हटलं. लागू दे.

तुझी आजी
बायनाबाई


राणीसावरगाव
२७ फेब्रुवारी

जीवना,

मी येते.

नऊ मार्चच्या उपास-प्रार्थनेला मी आणि बबिता येतो. पास्टर म्हणेल ते त्याच्या मागून म्हणते. खोटं तर खोटं, जाऊ दे, चार शब्द बोलायला काय जातं? ह्या वयात मी दुकानदाराशी, सुनेशी, सरपंचाशी केवढं तरी खोटं बोलले आहे.

परवा अर्पितानं बबिताला व्हिडिओ लावला तेव्हा मी मागं बसले होते. तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिणारी तुझीच आई आहे, ती सांगणारच. आवाज काढला नाही. पदर तोंडावर धरला होता, जांभई आली तर दिसू नये म्हणून. पोरगी रांगायला लागली रे! मागं मागं रांगते. पुढं जायचं असतं आणि मागं सरकते, मग रागावते. तुझंही असंच होतं.

समर्पणाला मला पुढं उभं करायचं, हे ठरलंय ना? तेवढं पास्टरकडून नक्की करून घे.

तुझी आजी
बायनाबाई

जीवन, आई लिहिते. हे खालचं मी आजीला वाचून दाखवणार नाही. मी तुझ्या पास्टरांना चुकीचं म्हणत नाही, ते प्रार्थनेची माणसं आहेत. मला यातलं कळत नाही. पण तुझी आजी झोप येते म्हणून सांगते ते खरं नाही. तिला झोप येतच नाही. पोरगी उचलून नेली त्या दिवसापासून तिचा डोळा लागत नाही. लोकांची लेकरं उठून गेली तरी ती तशीच मांडी घालून बसून राहते. मी चहा आणला तर म्हणते, थांब, मांडी मोकळी होऊ दे. मांडीवर कोणी नसतं.


राणीसावरगाव
११ मार्च

जीवना,

तू जिना उतरून गेलास त्याच्या आधीचं तुला माहीत आहे. पण तू सगळा वेळ तुझ्या पायाच्या बोटांकडं बघत होतास, म्हणून तेही सांगते.

पास्टर म्हणाला, "आजी, माझ्या मागं म्हणा, माझ्या अंगात मी सैतानाला जागा दिली." मी म्हणायलाच आले होते. गाडीत पाठ करत आले होते. शेजारची बाई परभणीपर्यंत सरकून बसली होती. मी तोंड उघडलं, आणि मला भीती वाटली. भुताची नाही. हे म्हटलं की पोरगी मिळणार. ती मोठी होणार आणि एक दिवस विचारणार, आजी, येशूनं तुला सोडवलं कधी? काय सांगू? नदीत बुडाले तेव्हा सांगू, का मानवतला दुकानांच्या वर सांगू? नदीतलं कच्चं होतं म्हणू? मग ती पोरगीही जन्मभर स्वतःच्या आत कान लावून बसणार, कोणत्या खोलीत कोण आहे म्हणून. मी तिला एवढंच द्यायला आले होते काय?

म्हणून मी म्हटलं, "न्हाई म्हणायची. ज्यानं मला घेतलं त्यानं अर्धी घेतलेली न्हाई."

तू म्हणालास, "आजी, हट्ट करू नको, सगळे बघायलेत." बबिता पदरात रडायली. पास्टर म्हणाला, "मग समर्पणाला तुम्हाला पुढं येता येणार नाही." मी म्हटलं, बरं. ते बरं कसं म्हटलं, माझं मला माहीत.

मग त्यानं प्रार्थना सुरू केली. उपाशी माणसं, दुपार, पंखे बंद. मला जांभई आली. ढोलकीवाल्याला आली. त्याच्या शेजारच्याला आली. तुला आली, तू ती दाबलीस, मला दिसली. आणि अर्पिताच्या कडेवर राजेश्रीनं माझ्याकडं बघून एवढंसं तोंड एवढं मोठं केलं. मागून कोणी बाई ओरडली, "पास्टर, लेकरात गेलं! आजीतनं लेकरात गेलं!" तो प्रार्थनेच्या तेलाची बाटली घेऊन पोरीकडं वळला.

तेव्हा तू पहिल्यांदा पायाच्या बोटांवरून मान वर काढलीस. मधे उभा राहिलास. "हात लावू नका. ती येशूची हाय."

तो म्हणाला, "भाऊ, येशूची आहेच, तरीसुद्धा..."

"तरीसुद्धा काही न्हाई. पूर्ण त्याची हाय." असं म्हणालास आणि पोरगी घेऊन निघालास. अर्पिता एका पायात चप्पल घालून तुझ्या मागं. आम्हा दोघींना विसरलास, ते सोडून देते.

आता तुला माहीत नसलेलं. माणसं पांगली. पास्टर खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. वय काय त्याचं, तुझ्याएवढाच. म्हणाला, "आजी, मी ढोंगी नाही. माझी दारू अशीच सुटली. एका पास्टरांनी हात ठेवला आणि अंगातून काहीतरी निघून गेलं. मला कळलं ते."

मी म्हटलं, "गेलं असंल बाबा. मी न्हाई कशाला म्हणू? पर आता ते परत यील असं वाटतं का तुला?"

त्यानं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "रोज वाटतं."

"म्हणून तू सगळ्यांच्यात हुडकत फिरतोस व्हय?"

मी म्हटलं, ये इकडं. तो आला, खाली बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. छोटीच प्रार्थना केली, की प्रभू, हा तुझा आहे, हे ह्याला रात्री झोपताना कळू दे. मधेच जांभई आली. तो उठून पळाला नाही. आमेन झाल्यावरही तसाच बसून होता. मग त्यानंच आम्हाला स्टँडवर सोडलं.

तो बदलला असं मी म्हणत नाही. पुढच्या रविवारी आणखी कोणात काहीतरी काढेल. पण माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे.

मी आता मानवतला येणार नाही, गुडघे नाही म्हणतात. पोरीबद्दल जे बोललास ते घरी गेल्यावर एकदा पुन्हा बोलून बघ, आणि ते किती वर्षांच्या माणसापर्यंत लागू आहे ते ठरव. आठ महिन्यांपर्यंतच असेल तर तसं कळव.

तुझी आजी
बायनाबाई


राणीसावरगाव
२ एप्रिल, दुपार

जीवना,

ह्या कागदाचा फोटो नाही. बबिता लिहून झालं की हाच तुझ्या हातात आणून देईल. अर्पिता पोरीला घेऊन आली आहे. म्हणते, तू दोघींना कोपऱ्यावर उतरवलंस आणि गाडी घेऊन फाट्यावर उभा आहेस. आत ये म्हटलं तर येत नाहीस.

पोरगी माझ्या मांडीवर आहे. आल्या आल्या माझं नाक धरलं, लुगडं ओलं केलं, आणि आता झोपली आहे. अर्पितानं स्वतःच्या हातानं दिली. देण्याआधी एकदा दाराकडं बघितलं, पण दिली. मी तिला म्हटलं, तूही टेक जरा, तर भिंतीला पाठ लावून तीही झोपली. त्यामुळं हे सगळं हळू बोलते आहे.

तू का येत नाहीस ते तिनं सांगितलं. आजीला तोंड कसं दाखवू, हे एक. ते मी समजू शकते, पण माझे डोळे आता एवढे चांगले नाहीत, तोंड मला नीट दिसायचंही नाही. दुसरं तिनं हळूच सांगितलं. तू देवाच्या माणसाच्या आड आलास, भर मंडळीत त्याचा हात अडवलास, आता येशूनं तुझ्यावरचं पांघरूण काढून घेतलं असेल आणि तुलाच काहीतरी लागेल, असं तुला वाटतं. रात्री दचकून उठतोस. मंडळीत गेलास तर मागं चपलांपाशी बसतोस. इथं यायचं तर तुझ्यामुळं आजीला लागेल, तिथं मंडळीत राहायचं तर स्वतःला लागेल.

लेका, तीन महिने मी तुझ्याशी माझ्यासाठी भांडत होते. तुला माझ्याहून जास्त भीती वाटते, हे मला आज कळलं. बबिताला माहीत होतं म्हणे. मला सांगितलं नाही, लिहून मात्र सगळं घेत होती.

तेव्हा नीट वाच. पास्टरचा हात अडवलास म्हणून येशूनं तुला सोडलं नाही. आजीच्या मांडीवरून पोरगी उचलून नेलीस तेव्हाही सोडलं नव्हतं. तू काही त्याच्या हातातलं फुटकं गाडगं नाहीस, धक्का लागला की खाली पडायला. आत आलास तरी त्याचाच आहेस. न येता तिथं रस्त्यावर उभा राहिलास तरी त्याचाच आहेस.

फरक एवढाच आहे की तिथं ऊन आहे.

आजी